यलोनाइफमधली इलेक्शन ड्युटी

आमचे अण्णा सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत मास्तर होते. इलेक्शन ड्युटीचा कागद आला की त्यांचं जेवणावरचं लक्ष उडायचं. एसटी, मग जीप, कुठल्या तरी वाडीवर शाळेच्या वर्गात मुक्काम आणि परतताना साहित्य जमा करायच्या रांगेत मध्यरात्र. त्यामुळे 2025 च्या एप्रिलमध्ये मी फोनवर म्हटलं, "कॅनडात मी स्वतः अर्ज करून ही ड्युटी घेतलीय," तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "पैसे देतात का?" देतात. तासावर देतात, प्रशिक्षणाचेही देतात.

इकडे यलोनाइफला, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाच्या राजधानीत, नव्याने आलेली दोन-तीन मराठी मुलं याबद्दल विचारत होती, म्हणून लिहितेय. पीआरवर, म्हणजे कायम रहिवासाच्या परवान्यावर, असाल तर हवा तर एखाद्या पक्षाचा प्रचार करा, पण मत देता येत नाही आणि केंद्रावरच्या कामाला नागरिकच घेतात. वयाची अट फक्त 16 पूर्ण. अर्ज ऑनलाइन होतो. प्रशिक्षण काही तासांचं, वही-पेन्सिलवालं. एखादी आदिवासी भाषा येत असेल तर सोन्याहून पिवळं. या टेरिटरीच्या 11 अधिकृत भाषांपैकी 9 आदिवासी आहेत. मला एकही येत नव्हती.

निवडणूक कॅनडाच्या संसदेची, आणि मतदारसंघ म्हणजे अख्खी नॉर्थवेस्ट टेरिटरीज. महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा मुलूख, 2021 च्या जनगणनेत माणसं जेमतेम 41 हजार, खासदार एक. मायकल मॅक्लाउड 2015 पासून निवडून येत होते, ते या वेळी उभे नव्हते. त्यामुळे चुरस होती: लिबरल पक्षाकडून यलोनाइफच्या तेव्हाच्या महापौर रेबेका आल्टी, कॉन्झर्व्हेटिव्हकडून किम्बर्ली फेअरमन, शिवाय एनडीपी आणि ग्रीन या पक्षांचे उमेदवार. महागाई, रस्ते आणि हिऱ्याच्या खाणी हेच सगळीकडे बोलणं. डायाविक खाण 2026 मध्ये बंद होणार हे तेव्हाच जाहीर होतं. त्यात पंतप्रधान मार्क कार्नींचा जन्म इथल्याच फोर्ट स्मिथचा, त्यामुळे चहाच्या टेबलावर प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं होतं. आपण मात्र बॅज लावला की तोंड बंद. हे मराठी माणसाला जड जातं, आधीच सांगून ठेवते.

खाणीचं गणित मला ऑफिसातून माहीत होतं. मी खाणींना माल पुरवणाऱ्या एका कंपनीत पगारपत्रकं करते. दोन आठवडे खाणीवर, दोन आठवडे घरी, आणि यातल्या कितीतरी लोकांचं घर अल्बर्टात. अशा माणसाचं मत इथे पडत नाही. तो यलोनाइफच्या निवडणूक कार्यालयात येऊन स्पेशल बॅलट घेऊ शकतो. त्या कोऱ्या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं, आणि मत धरलं जातं त्याच्या घरच्या मतदारसंघात. हिरे इथले, मत तिकडचं. यासाठी मतदानाच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंतच मुदत असते. आमच्या ऑफिसातल्या एकाची विमानाच्या वेळेमुळे ती हुकली. त्याचा चेहरा मला आठवतो.

खरं काम म्हणजे पत्ता. फोटो आणि पत्ता दोन्ही असलेलं सरकारी ओळखपत्र असेल तर अर्ध्या मिनिटात माणूस मोकळा. पण इथे टपाल पोस्टातल्या पेटीवर येतं, त्यामुळे अनेकांच्या कागदांवर घर नसतं, नुसता पीओ बॉक्स नंबर असतो. त्यातून आमच्याकडे हाउसबोटवाले. खाडीतल्या रंगीत तरंगत्या घरांना ना गल्ली, ना घर नंबर. एक बाई गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, बर्फावरून चालत आल्या. कागदावर नाव होतं, घर नव्हतं. मी विचारलं, "कुठे राहता?" त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. "ते पिवळं."

याला तोड आहे. त्याच केंद्रावरचा, ओळख सिद्ध केलेला दुसरा मतदार लेखी हमी देऊ शकतो. पण एक माणूस एकाचीच हमी देतो, आणि ज्याच्यासाठी हमी दिली गेली त्याला दुसऱ्याची देता येत नाही. बाईंसाठी एक शेजारी उभे राहिले. मागून त्यांचा नवरा आला, त्याचीही तीच रड. आता शेजारी संपले! बाई म्हणाल्या, "मी ओळखते ना याला, बावीस वर्षं." मला हसू आवरेना, तरी नाही म्हणावं लागलं. तो परत बर्फावरून गेला आणि तासाभराने दुसऱ्या बोटीवरचा माणूस घेऊन आला. प्रशिक्षणात हा नियम एका ओळीत होता. तुम्ही तो पाठच करा.

बाकी किरकोळ. केंद्र सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात, मध्ये बाहेर पडता येत नाही, तेव्हा डबा न्या. मी पोळीभाजी नेली होती, ती दुपारी चारला खाल्ली. शाई नाही, मशीन नाही. कागद, पेन्सिल आणि पुठ्ठ्याची पेटी.

साडेसातला दार बंद झालं की मोजणी त्याच टेबलावर. एकेक मतपत्रिका उलगडायची, उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायची, खूण करायची. आमची एक कमी भरली. तीनदा मोजलं. पाठीतून घाम. शेवटी ती खराब झालेल्या मतपत्रिकांच्या पाकिटात सापडली, मीच दुपारी बदलून दिलेली आणि वहीत नोंदवायची राहिलेली. प्रतिनिधी हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

बाहेर पडले तेव्हा साडेनऊ झाले होते आणि उजेड होता. आल्टी जिंकल्याचं मला गाडीतल्या रेडिओवर कळलं. अण्णांना फोन लावला, तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ.

"हिशेब जुळला?"

"जुळला. एक मतपत्रिका चाळीस मिनिटं सापडत नव्हती."

"एकच?" म्हणाले, आणि 1985 सालची गोष्ट सुरू केली.