करवंटीचा कोळसा आणि माझे खोटे ९९ टक्के

बडोद्यात एमएससीला प्रोजेक्ट निवडताना मी नारळाच्या करवंटीच्या कोळशाने पाण्यातून औषधं शोषून काढायचा विषय घेतला, कारण कच्चा माल फुकट होता. गणपती झाले की दांडिया बाजारात मावशीकडे करवंट्यांचा ढीग लागतो. मावशी म्हणे, "अगं बंबात घालायच्या त्या, प्रोजेक्टला कसल्या नेतेस!"

औषध घेतलं डायक्लोफेनॅक, एक वेदनाशामक. तेच ते, जनावरांना दिलेलं मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या निकामी झाल्या, म्हणून २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी बंद केलं. माणसांना अजून देतातच आणि थोडंफार सांडपाण्यात उतरतंच.

करवंटीचा चुरा फॉस्फोरिक ॲसिडमध्ये भिजवायचा, मफल फर्नेसला (लॅबमधल्या भट्टीत) साधारण ५०० डिग्रीला भाजायचा, मग धुवायचा. तर हे धुणं म्हणजे खरी शिक्षा. गरम डिस्टिल्ड वॉटर ओता, गाळा, पीएच बघा, परत ओता... मी दुसऱ्या दिवशी कंटाळून सोडलं आणि पहिल्याच रनला ९९ टक्के रिमूव्हल, म्हणजे पाण्यातलं जवळजवळ सगळं औषध गायब! घरी पेढे आणायचेच बाकी होते.

सिनियर ताईने एकच विचारलं, ढवळून झाल्यावर पाण्याचा पीएच किती? बघितला तर ३ च्या आसपास, नीट न धुतलेल्या कोळशातल्या ॲसिडमुळे. डायक्लोफेनॅकचा पीकेए (ज्या पीएचच्या खाली त्याच्यावरचा निगेटिव्ह चार्ज जातो तो आकडा) ४ च्या जवळ, त्याखाली ते पाण्यात नीट विरघळतच नाही. कोळसा न घालता नुसतं ॲसिड टाकलेल्या बीकरमध्येपण पाणी गढूळ झालं, म्हणजे औषध तळाशी बसलं होतं आणि मी ते कोळशाच्या नावावर लिहिलं होतं. नीट धुतलेल्या कोळशाने आकडा धाडकन खाली आला, पण तो खरा होता.

त्यामुळे पहिल्या दिवसापासून दोन ब्लँक (तुलनेसाठीचे नमुने) लावा, एक कोळशाशिवाय आणि एक नुसता फिल्टरमधून गाळलेला, कारण काही सिरिंज फिल्टर स्वतःच औषध धरून ठेवतात. कोळशाचा पीएचपीझेडसी, म्हणजे ज्या पीएचला त्याच्या पृष्ठभागावरचा चार्ज शून्य असतो तो, आधी काढा, त्याच्या वर पृष्ठभाग निगेटिव्ह होतो, औषधही निगेटिव्ह, मग दोघं एकमेकांना ढकलतात. कोळसा किती औषध धरतो ते दाखवणारे लँगम्युअर-फ्रॉइंडलिचचे ग्राफ नंतर, ते एक्सेलमध्ये दुपारभरात होतात.

बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी वापरलं तेव्हा अजून मजा, त्यातला सेंद्रिय कचराच कोळशातल्या जागा अडवतो आणि औषध मोजायच्या यूव्ही मशीनला २७६ नॅनोमीटरवर तोही दिसतो, म्हणून तिथे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसीच लागतं. स्लॉट आधीच बुक करून ठेवा, मी तीन आठवडे रांगेत होते आणि सँपल फ्रिजमध्ये.