अँप डबीत बसवताय? घरगुती ओव्हरड्राइव्ह पेडलच्या या चुका टाळा

माझं पहिलं ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे गिटारचा आवाज तापलेल्या अँपसारखा फोडणारी डबी, वाजलं त्या संध्याकाळी शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "अरे, मिक्सरमध्ये सुकं खोबरं घातलंस का?" सर्किट मार्शल या गिटार अँपच्या प्रीअँपची, म्हणजे त्याच्या पहिल्या भागाची, नक्कल करणारं होतं. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) जागी चार फेट (एका जातीचे ट्रान्झिस्टर), मध्ये टोनची तीन बटणं, भाग सगळे लॅमिंग्टन रोडवरून वेचून आणलेले. तरी काकूंचं निदान बरोबर होतं. ते पेडल खरंच खोबरं वाटल्यासारखं वाजत होतं.

त्यानंतर गिरगावातल्या या दीड खोलीत बरीच पेडलं झाली, काही मित्रांचीही दुरुस्त केली. बहुतेकांचा दोष एकाच ठिकाणी निघतो. लोक 'जादूच्या' भागांमागे धावतात, जुना आयसी आणि परदेशी कपॅसिटर शोधतात, आणि बायस (सूर नसताना फेटवर ठेवायचा व्होल्टेज), अडॅप्टर व तुलनेची रीत या तीन गोष्टींकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

फेट छापील नावावर विकत घेऊ नका

व्हॉल्व्हची नक्कल करायला बहुतेक सर्किटांत जे२०१ हा फेट असतो. एकाच नावाचे दोन नग कधीच सारखे नसतात, आणि हे डेटाशीटच सांगते: जे२०१ चा आयडीएसएस, म्हणजे गेट आणि सोर्स हे पाय (तिसरा ड्रेन) एकत्र जोडल्यावर वाहणारा करंट, ०.२ ते १ मिलिअँपिअरच्या मध्ये कुठेही असू शकतो. २एन५४५७ घेतलात तर तोच आकडा १ ते ५. त्यात पायांचा जुना जे२०१ आता मूळ कंपनी बनवत नाही, त्यामुळे बाजारात त्या नावाखाली काय मिळेल याचा नेम नाही. मला एकदा दहा नगांच्या पुडीत सात असे मिळाले की करंट ८ मिलिअँपिअरच्या वर. वर अक्षरं स्वच्छ छापलेली, जरा जास्तच स्वच्छ.

तपासणी सोपी आहे. गेट आणि सोर्स एकत्र करून बॅटरीच्या मायनसला जोडा आणि ड्रेन व प्लस यांच्यामध्ये मीटर मिलिअँपिअरवर लावा. प्रत्येक नगाचा आकडा चिकटपट्टीवर लिहून ती त्याच्या पायाला डकवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. जास्त करंटचा फेट बसवला तर ड्रेनवर ४.५ व्होल्ट आणण्यासाठी प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा रेझिस्टन्स) जवळजवळ टोकाला न्यावा लागतो. तिथे ड्रेनचा रेझिस्टन्स उरतो थोडाच, आणि गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, त्याच्याबरोबरच जातो. मग माणूस म्हणतो, "सर्किटमध्येच दम नाही." दम सर्किटमध्ये असतो, चुकीचा नग तो खातो.

पायांचा क्रमही बघा. जे२०१, २एन५४५७ आणि एमपीएफ१०२ यांत गेट कडेला असतं, तर २एसके३०ए मध्ये ते मधोमध. ड्रेन आणि सोर्सची अदलाबदल या जातीचे फेट सहसा सहन करतात. गेट चुकलं तर मात्र आवाज येत नाही, आला तर घशात अडकल्यासारखा येतो.

४.५ व्होल्ट म्हणजे देववाणी नव्हे

९ व्होल्टच्या निम्मे म्हणून ड्रेन ४.५ वर ठेवायचा, हे सगळे सांगतात. सुरुवात तिथूनच करा, पण तिथे थांबू नका. व्हॉल्व्ह लाटेच्या दोन्ही बाजू सारख्या कापत नाही, आणि ती विषमता कानाला गोड लागते. प्रीसेट हळूहळू फिरवत ५, साडेपाच, ६ पर्यंत जा आणि जाड तार छेडून बघा. माझ्या आवडीच्या पेडलमध्ये दुसरा फेट ५.८ वर आहे आणि तिसरा ४.३ वर. का, ते विचारू नका. कानाने ठरवलंय.

बायस मात्र वापरायच्या अडॅप्टरवरच लावा. उतरलेल्या बॅटरीवर लावलेला बायस गिगच्या दिवशी साडेनऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर वेगळा निघतो.

इथेच मी दोन रात्री घालवल्या, त्या मीटरपायी. स्वस्तातला पिवळा डीटी८३० जातीचा मीटर आपल्या सगळ्यांकडे असतो, त्याचा आतला रेझिस्टन्स फक्त १ मेगओहम. टीएल०७२ या आयसीच्या इनपुट पायावर ४.५ व्होल्ट १ मेगच्या रेझिस्टन्समधून येत असतील, तर हा मीटर लावताच विभागणी होते आणि पडद्यावर सव्वादोन दिसतात. मी तीन आयसी बदलले. आयसी तिन्ही ठणठणीत होते. अशा जागी इनपुट सोडून आउटपुटचा पाय मोजा, म्हणजे टीएल०७२ चा १ किंवा ७. तिथे निम्मा व्होल्टेज दिसला की काळजी नाही.

आवाज कुठे मरतो हे शोधायला मीटरपेक्षा कान बरा. ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचं एक टोक अँपला जाणाऱ्या वायरला जोडा, दुसरं टोक सर्किटमध्ये टप्प्याटप्प्याने टेकवत जा. आवाज ज्या टप्प्यानंतर गायब होतो, दोष तिथेच. बहुतेक वेळा ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) निघतो, किंवा १०के च्या जागी १के. आपल्या घरातल्या पिवळ्या दिव्याखाली तांबडा आणि नारिंगी पट्टा एकच दिसतो, म्हणून रेझिस्टन्स लावण्याआधी मोजा. कपॅसिटरवरचा २२२ आणि २२३ यांत दहापटीचा फरक आहे, हेही लक्षात असू द्या.

चाळीतला भुणभुणाट

पेडल घोंगावतंय म्हणून उघडून बसण्याआधी उठा आणि पंखा बंद करा. गोल गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक अर्ध्या लाटेला वीज कापतो, आणि सिंगल कॉइलचा (एका गुंडाळीच्या पिकअपचा) गिटार तो कचकचाट उत्साहाने पकडतो. टप्प्याटप्प्याने खटकणारे कपॅसिटरवाले रेग्युलेटर सहसा त्रास देत नाहीत. जुन्या चोकची ट्यूबलाइटही याच टोळीतली. मे महिन्यात पंखा बंद करून रेकॉर्डिंग करणं हे मुंबईकर गिटारवाल्याचं तप आहे.

दुसरा संशयित म्हणजे लॅपटॉपचा दोन पिनी चार्जर. जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतंच असतं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घोंगावणं गेलं तर पेडल निर्दोष.

अडॅप्टरची चूक मात्र महागात पडते. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा, आत प्लस असलेला. पेडलांची रूढ पद्धत ९ व्होल्ट, आत मायनस. उलट लावलात आणि संरक्षणाचा डायोड नसेल तर धूर निघतो. १एन५८१७ हा डायोड पुरवठ्याच्या रांगेत टाका; थोडा व्होल्टेज खातो, पण बाकी सर्किट वाचवतो. ९ चे १८ व्होल्ट करायला मॅक्स१०४४ वापरला असेल तर सांभाळा, त्याला १० व्होल्टच्या वर काही पचत नाही. शिवाय तो आयसी मूळ वेगाने चालला तर शिट्टी मारतो. पहिला पाय प्लसला जोडला की वेग वाढून ती शिट्टी कानाच्या पलीकडे जाते. पण साध्या आयसीएल७६६० मध्ये हा पाय रिकामा असतो, म्हणून नावापुढचा 'एस' वाचूनच घ्या. आणि १८ व्होल्टच्या रुळावर १६ व्होल्टचे कपॅसिटर ठेवू नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण माझ्यावर आली होती.

सोल्डर पेस्ट शक्यतो वापरूच नका. वापरली तर आयसोप्रोपिलने बोर्ड घासून पुसा. जुलैच्या दमट हवेत तिचा थर ओलावा धरतो, आणि १ मेगच्या आसपासच्या जागी तेवढी गळतीही बायस हलवायला पुरते. उन्हाळ्यात छान वाजणारं पेडल श्रावणात चरचरतं ते यामुळे.

आवाज फुगतो, किंवा मधमाश्या होतात

आवाज फुगण्याची चूक सोर्सच्या कपॅसिटरपाशी असते. तिथे सवयीने २२ मायक्रोफॅरड टाकला की खालचे सूरही पूर्ण गेनने फुटतात आणि जाड तारेवरचा कॉर्ड चिखल होतो. नंतरच्या मार्शलमध्ये त्या जागी ०.६८ मायक्रोफॅरड दिसतो, तो वरच्या सुरांना जास्त ढकलतो. गाळणी दोन टप्प्यांच्या मधल्या कपॅसिटरनेही लावता येते: ०.०२२ मायक्रोफॅरड आणि पुढे ६८के असेल तर १०६ हर्ट्झच्या खालचं उतरू लागतं. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झची. फुटण्याआधी बास कापा, फुटल्यानंतर हवा तर वाढवा.

मधमाश्यांची गोष्ट वेगळी. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने खाली येतो. पेडल थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये लावलं तर ती चाळण नसते आणि फुटलेल्या लाटेचे सगळे काटे कानात टोचतात. पेडलला दोष देऊ नका, संगणकावर स्पीकर कॅबिनेटचा आयआर (त्याच्या आवाजाची नोंदलेली छाप) लावा.

आणखी एक. टोनची तीन बटणं मार्शलमध्ये कॅथोड फॉलोअर नावाच्या व्हॉल्व्हच्या टप्प्यामागे बसतात, कारण त्यांना जोरकस पुरवठा लागतो. फेटच्या नकलेत भाग वाचवायला तो टप्पा वगळला की बटणं फिरतात, आवाज ढिम्म.

तुलना करताना फसू नका

आता ज्यासाठी मित्र रविवारी जमतात तो भाग. दोन पेडलं समोर, दोन्हींची बटणं बारा वाजता, आणि "हे जास्त भरीव आहे" असा निकाल. या निकालाला अर्थ नाही. एकाचं बटण ए प्रकारचं, दुसऱ्याचं बी, त्यामुळे बारा वाजता दोघांचा गेन वेगळा. शिवाय मोठा आवाज कानाला नेहमी भरलेला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाजाची पातळी वाढली की बास आणि ट्रेबल तुलनेने जास्त जाणवतात. म्हणून आधी कानाने दोघांचं फुटणं सारखं करा. मग फोनवरचं डेसिबल अ‍ॅप एका जागी ठेवून दोघांचे आवाज अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. त्यानंतर कुणीतरी पाठीमागे बसून केबल बदलायची, आणि निकाल ऐकण्याआधी कागदावर लिहायचा. माझा भाचा हे काम करतो. मजुरी एक वडापाव.

गंमत अशी की ज्या अँपची नक्कल आपण करतो, त्यांच्यातही प्रीअँपचा फरक सहसा थोडाच असतो. १९६२ मध्ये लंडनच्या मार्शलने जेटीएम४५ काढला तो फेंडर कंपनीच्या ५एफ६-ए बासमन अँपवरूनच. सर्किट जवळजवळ तेच. पहिल्या जागी १२एवाय७ व्हॉल्व्हऐवजी ईसीसी८३, पुढे आउटपुटचे व्हॉल्व्हही वेगळे, स्पीकर वेगळे. आपल्या डबीत आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही आणि स्पीकरही नाही. तेव्हा 'मार्शल पेडल' आणि 'बासमन पेडल' यांत जमीन-अस्मानाचा फरक सापडला, तर आधी बायस तपासा.

ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडलला या पंगतीत बसवू नका. तो ७२० हर्ट्झच्या खालचं फुटण्याआधीच कमी करतो, मधले सूर उंचावतो आणि पुढच्या अँपला ढकलतो. क्लीन अँपसमोर तो एकटा पातळ वाटणारच, त्याचं ते कामच नव्हे.

अँपसारखं पेडल ओळखायची माझी कसोटी एकच: गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणा. आवाज नुसता लहान झाला तर डबी डिस्टॉर्शनची. फुटणं विरघळून खाली स्वच्छ, चमकता सूर उरला, तर अँप डबीत उतरलाय.

डबीचं झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: प्रत्येक फेटचा आयडीएसएस, ड्रेनवरचे व्होल्ट, कुठल्या अडॅप्टरवर बायस लावला, तारीख. सहा महिन्यांनी प्रीसेट कुणी फिरवला की मागे जायची तीच वाट. माझ्या पहिल्या पेडलमध्ये अशी चिठ्ठी नव्हती, म्हणून मिक्सरचा तो आवाज पुन्हा कधी जमला नाही. काकू अजून विचारतात.