टर्बो इंजिनाचं इग्निशन टायमिंग बसवताना

आधी इंधन, मग टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते. पूर्ण बूस्टवर (टर्बोने भरलेल्या हवेच्या जादा दाबावर) पेट्रोलचं एअर-फ्युएल रेशो (हवा आणि इंधनाचं वजनी प्रमाण) 11.5 च्या आसपास स्थिर असल्याशिवाय टायमिंगला हात लावू नका. स्पार्क प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्या, गॅप 0.6 ते 0.7 मिमी ठेवा. जास्त गॅप असेल तर बूस्टमध्ये स्पार्क विझतो आणि मिसफायरलाच लोक चुकून टायमिंगचा दोष समजतात.

ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कंट्रोल कॉम्प्युटरमध्ये) टायमिंग 10 अंशांवर लॉक करा आणि टायमिंग लाइटने क्रँक पुलीवरची खूण बघा. स्क्रीनवर 10 आणि पुलीवर 14 दिसत असेल, तर पुढचा सगळा मॅप (टायमिंगचा तक्ता) 4 अंश पुढेच चालणार. ही तपासणी टाळणं म्हणजे पिस्टन पणाला लावणं.

आता वाढीव बूस्टच्या दर पीएसआयमागे साधारण 1 अंश टायमिंग कमी करून सुरुवात करा. सर्वात कमी टायमिंग पीक टॉर्कच्या आरपीएमजवळ लागतं, कारण तिथे सिलिंडर सर्वाधिक भरतो. त्यापुढे ते हळूहळू वाढवता येतं. डायनोवर (टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक अंश वाढवा. टॉर्क वाढायचा थांबला की 1-2 अंश मागे या. साध्या पेट्रोलवर बहुधा त्याआधीच नॉक (मिश्रण आपोआप पेटून बसणारा ठोका) होतो. तेव्हा लगेच थ्रॉटल सोडा, 2-3 अंश कमी करा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले, तर नॉक होऊन गेलेला आहे.

टायमिंग फार मागे ठेवणंही सुरक्षित नाही: एक्झॉस्टचं तापमान चढतं, व्हॉल्व्ह आणि टर्बाइन भाजतात.