मागच्या बाकावरच्या आमदाराचं काम कसं वाचावं

निवडणुकीच्या तोंडावर घरोघरी कार्यअहवाल येतात. आमदाराचा किंवा खासदाराचा फोटो आणि त्याखाली आकडे: इतके प्रश्न, इतक्या चर्चा, इतके टक्के हजेरी. मी मंत्रालयात कक्ष अधिकारी होते. अधिवेशन आलं की सभागृहातल्या प्रश्नांच्या उत्तरांचे मसुदे करायचे, हे माझं काम. त्यामुळे नेरूळच्या आमच्या सोसायटीत हे अहवाल हमखास माझ्याकडे येतात आणि लोक विचारतात, "मॅडम, हा माणूस काम करतो का?" नुसत्या आकड्यांवरून मी काही सांगत नाही. प्रश्न काय विचारला, उत्तर काय आलं आणि त्या उत्तराचा पाठपुरावा झाला का, हे वाचावं लागतं. एखादी संध्याकाळ दिलीत तर ते कुणालाही जमेल.

आधी सभागृह नीट ठरवा. ठाणे लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. ऐरोली-कळवा उन्नत रेल्वेमार्ग हा एमयूटीपी-३ मधला (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा) प्रकल्प, त्याचा प्रश्न दिल्लीत रेल्वे मंत्र्यांना विचारायचा. क्लस्टर (जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास), सिडको (नवी मुंबई वसवणारं राज्याचं महामंडळ), साडेबारा टक्क्यांचे भूखंड (जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना सिडकोने परत द्यायचे), महापालिका हे सगळं राज्याच्या नगरविकास विभागाचं, म्हणजे विधानसभेत किंवा विधान परिषदेत. साडेबारा टक्क्यांवर खासदार लोकसभेत बोलला नाही म्हणून त्याला दोष देऊ नका. आमदार बोलला नसेल तर जरूर विचारा.

मागच्या बाकावरचा म्हणजे मंत्री नसलेला सदस्य. मंत्र्याला हे माप लावायचं नाही. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. डिसेंबर २०२४ मध्ये कोपरी-पाचपाखाडीचे आमदार उपमुख्यमंत्री झाले, ऐरोलीचे वनमंत्री झाले. अशांच्या नावापुढे प्रश्नांच्या रकान्यात शून्य दिसलं तर त्यावरून काहीच ठरत नाही.

आता प्रश्न. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. लोकसभेचे प्रश्न 'डिजिटल संसद'वर सदस्याच्या नावाने शोधता येतात. विधानसभेतला तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात असा, साधारण असा असतो. हा नमुना मी रचलेला आहे, पण भाषा तीच:

"सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :- (१) ठाणे येथील घोडबंदर मार्गावर खड्डे पडून वाहतूक कोंडी होत असल्याचे माहे जुलैमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तद्नुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

आणि उत्तर: "(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) दुरुस्तीची कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही."

पहिल्यांदा प्रश्नावर किती नावं आहेत ते बघा. एकाच विषयावरच्या सूचना एकत्र केल्या जातात, म्हणून एका प्रश्नावर दहा-बारा नावं सर्रास दिसतात. प्रत्येकाच्या अहवालात तो प्रश्न स्वतःचा म्हणून मोजला जातो. नंतर मजकूर बघा. "निदर्शनास आले" एवढंच असेल तर त्यामागे बहुतेक वर्तमानपत्राचं कात्रण असतं आणि विभागाला उत्तर देणं सोपं जातं. (२) आणि (३) ला मिळून "कार्यवाही सुरू आहे" म्हटलं की चौकशी झाली की नाही हे सांगावं लागत नाही, आणि (४) मधला विलंबाचा मुद्दा आपोआप गळून पडतो. कामाचा सदस्य विचारतो, या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी (ज्या काळात बिघाड कंत्राटदारानेच दुरुस्त करायचा) कधी संपतो, कंत्राटदाराला आजवर किती रक्कम अदा केली, दंड किती वसूल झाला, दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणार. असा प्रश्न टेबलावर आला की कार्यकारी अभियंत्यांकडून लेखी माहिती मागवावी लागायची, नस्ती (फाइल) सचिवांपर्यंत जायची आणि उत्तरात आकडा टाकावाच लागायचा. तो आकडा पुढे वर्षानुवर्षं नागरिकांच्या उपयोगी पडतो. तेव्हा "अंशतः खरे आहे" दिसलं की कोणता अंश नाकारला ते शोधा, आणि ते उत्तरात कुठेच नसेल तर सदस्याने सभागृहात ते विचारलं का, ते बघा.

त्यासाठी उपप्रश्न वाचायचे. छापील प्रश्न कार्यालयातल्या सहायकानेही लिहिलेला असू शकतो. उपप्रश्न मात्र सदस्याला उभं राहून, मंत्र्यांचं उत्तर ऐकून विचारावा लागतो. आम्ही मंत्र्यांसाठी संभाव्य उपप्रश्नांची पूरक टिपणी करून द्यायचो. कुणी टिपणीबाहेरचं विचारलं की अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या जायला लागायच्या. ज्या आमदाराच्या उपप्रश्नावर मंत्री "माहिती घेऊन पटलावर ठेवतो" म्हणाले, तिथे खूण करून ठेवा, तिचं काम पुढे आहे. उत्तर असमाधानकारक म्हणून अर्धा तास चर्चेची सूचना दिलेली दिसली, तर त्या सदस्याने उत्तर खरोखर वाचलेलं आहे.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, आणि क्रम लॉटरीने ठरतो. तारांकितात नाव आलं यात नशिबाचा वाटा मोठा, त्याचं फार कौतुक नको. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, त्याला उपप्रश्न नसतो, पण त्याच्या उत्तराला जोडलेले तक्ते कित्येकदा सोन्यासारखे असतात.

चर्चांबद्दल थोडक्यात. बोलायचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो आणि वक्त्यांची यादी पक्षाचा प्रतोद देतो. नव्या सदस्याची पाळी संध्याकाळी उशिरा येते, तीही काही मिनिटांची. त्यामुळे भाषणाची लांबी बघू नका. लोकसभेच्या वृत्तांतात भाषणाला फुली (*) असेल तर तळटीप वाचा: ते मराठीतल्या भाषणाचं भाषांतर असू शकतं किंवा न बोलता पटलावर ठेवलेलं भाषणही असू शकतं. मग चर्चेच्या शेवटी मंत्र्यांचं उत्तर उघडा आणि त्यात आपल्या सदस्याचं नाव शोधा. त्याच्या मुद्द्याला मंत्र्यांनी उत्तर दिलं असेल तर तो मुद्दा टोचला होता.

मतदानावरून माणूस जोखू नका. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. पण तो कायदा मत बांधतो, तोंड बांधत नाही. सत्ताधारी पक्षाचा सदस्य आहे म्हणून तो गप्प, हे कारण मला पटत नाही. फिरोज गांधी काँग्रेसचेच खासदार होते. १९५७ साली त्यांनी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत केलेली गुंतवणूक लोकसभेत बाहेर काढली, न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पायउतार व्हावं लागलं.

माझ्या मते सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे आश्वासन समिती. मंत्र्यांनी सभागृहात "तपासून बघतो", "विचाराधीन आहे", "माहिती गोळा करून सभागृहासमोर ठेवू" असं म्हटलं की त्याची आश्वासन म्हणून नोंद होऊ शकते. लोकसभेच्या आश्वासनांची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी असा दंडक आहे, आणि मुदतवाढ मागायची तर समितीकडे जावं लागतं. आपल्या विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. मघाशी केलेल्या खुणा इथे काढा. तुमच्या सदस्याच्या प्रश्नातून किती आश्वासनं निघाली, किती पूर्ण झाली आणि अपूर्णावर त्याने पुन्हा प्रश्न टाकला का, ते बघा.

समित्यांचं काम बंद दाराआड चालतं, साक्षी टीव्हीवर दिसत नाहीत. संसदेच्या विभागनिहाय स्थायी समितीत ३१ जण असतात: लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. अहवाल शेवटून उघडा, कारण बैठकींची इतिवृत्तं तिथे असतात. कोण हजर होतं ते नावानिशी कळतं, कोण काय बोललं ते सहसा कळत नाही. एखाद्याने भिन्नमतपत्रिका जोडली असेल तर ती मात्र नावाची असते, ती पूर्ण वाचा. वर्षभराने त्याच विषयावरचा कार्यवाही अहवाल (समितीच्या शिफारशींवर सरकारने काय केलं ते सांगणारा) काढा. सरकारची कोणती उत्तरं समितीने मान्य केली नाहीत, याचं त्यात वेगळं प्रकरण असतं. राज्यात लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम आणि पंचायत राज या समित्या महत्त्वाच्या. जिल्हा परिषदेत "पीआरसी येतेय" (म्हणजे पंचायत राज समिती) म्हटल्यावर कशी धावपळ होते, ते तिथल्या कुणालाही विचारा. तुमचा आमदार यातल्या एकीवर असेल तर तो दौऱ्यांना जातो का, हे त्याला थेट विचारायला हरकत नाही.

अशासकीय विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) मंजूर होत नाहीत म्हणून ती व्यर्थ मानू नका. संसदेत शेवटचं असं विधेयक १९७० साली मंजूर झालं. पण राजापूरच्या नाथ पैंनी १९६७ मध्ये घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दल मांडलेलं विधेयक आठवा. ते मंजूर झालं नाही, जानेवारी १९७१ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहिला गेला.

वाचून झालं की सदस्याला पत्र लिहा. एका पत्रात एकच विषय घ्या. जुन्या प्रश्नाचा क्रमांक, तारीख, मंत्र्यांचं नेमकं वाक्य आणि आज जागेवर काय स्थिती आहे ते लिहा, फोटो जोडा. शेवटी तुम्हाला हवा असलेला प्रश्न (१), (२), (३) करून तयार द्या, म्हणजे कार्यालयाला तो जवळपास तसाच टाकता येईल. पत्र अधिवेशनाच्या कितीतरी आधी पोचू द्या. प्रश्नांच्या सूचना आगाऊ द्याव्या लागतात, आणि अधिवेशन सुरू झाल्यावर आलेल्या पत्रासाठी आमदाराच्या हातात फार तर लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) किंवा औचित्याचा मुद्दा उरतो. पोच घ्या, आणि पोचेवर तारखेचा शिक्का आहे ना ते तिथेच बघून घ्या.