कॅमेऱ्याची बॅग काउंटरवर नाही, खांद्यावर निवडा

कॅमेऱ्याची बॅग दाखवायची दुकानदाराची एक ठरलेली पद्धत असते. बॅग काउंटरवर आडवी ठेवायची, चेन सगळी उघडायची, आतलं एखादं पार्टिशन चर्रकन उपटून दुसरीकडे चिकटवायचं आणि म्हणायचं, ‘बघा, किती पण सामान बसतंय!’ बसतंय, त्यात वाद नाही. काउंटरवर ठेवलेली कुठलीही बॅग चांगलीच वाटते. तीच बॅग तिरकी गळ्यात आहे, एका हातात कॅमेरा आहे, मागून वऱ्हाड रेटतंय आणि तुम्हाला याच क्षणी दुसरी लेन्स हवी आहे, तेव्हा ती कशी वागते हा खरा प्रश्न असतो. त्यावर दुकानात कोणी बोलत नाही आणि यूट्यूबवरही फारसं कोणी सांगत नाही, कारण तिथेही बॅग टेबलावरच असते.

आधी तुम्हाला खांद्यावरची बॅग लागते का ते ठरवा. लग्न, साखरपुडा, गावची यात्रा, कास पठार, बाजारपेठेत फिरून फोटो काढणं, म्हणजे जिथे दर दहा मिनिटांनी बॅगेत हात घालावा लागतो, तिथे हीच बॅग. वासोट्याच्या किल्ल्यावर जायचं असेल तर पाठीवरची सॅक घ्या. बामणोलीहून बोटीने पलीकडे उतरलं की जंगलातला चढ सुरू होतो, आणि एका खांद्यावर वजन टाकून तो चढायचा नसतो.

सामान मोजा आणि त्याचं वजनही करा

नेहमी नेता तेवढंच सामान जमिनीवर मांडा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक ठेवून वजन लिहून काढा. लग्नाच्या कामातला एक नेहमीचा संच बघू. कॅनन ५डी मार्क ४ बॅटरी-कार्डासकट ८९० ग्रॅम. २४-७० एफ २.८ लेन्सची दुसरी आवृत्ती ८०५ ग्रॅम. लांबचं टिपणाऱ्या ७०-२०० एफ २.८ लेन्सची दुसरी आवृत्ती १४९० ग्रॅम. ६००ईएक्स-आरटी फ्लॅश सेल न घालता ४२५ ग्रॅम. इथेच साडेतीन किलोच्या वर गेलो. सेल, जादा बॅटऱ्या, हूड आणि पाण्याची बाटली धरा आणि वर रिकाम्या बॅगेचं वजन मिळवा. जाड फोमची मोठी बॅग रिकामीच दीड किलोची असते.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा घेतला की सगळं हलकं होतं, हे अर्धंच खरं आहे. कॅननचा मिररलेस आर६ मार्क २ बॅटरी-कार्डासकट ६७० ग्रॅमचा आहे आणि त्याची आरएफ ७०-२०० एफ २.८ लेन्स स्टँडची रिंग काढून १०७० ग्रॅम भरते. पण आरएफ २४-७० एफ २.८ चं वजन ९०० ग्रॅम, म्हणजे जुनीपेक्षा जास्तच. तिन्ही मिळून अर्ध्या किलोहून थोडं जास्त वाचतं. खरा फरक लांबीत पडतो. जुनी ७०-२०० सुमारे १९९ मिलिमीटर लांब आहे, नवी मिटलेली असताना १४६. त्यामुळे बॅग किती उंच हवी हेच बदलतं. बॅगेवर छापलेले लिटर सोडून द्या, टेप लावून आतली उंची मोजा.

‘मोठीच घे, पुढे लेन्सा वाढतील’ हा सल्ला देणारा माणूस स्वतः बॅग उचलत नसतो. मोकळा कप्पा कधी मोकळा राहत नाही. असिस्टंट त्यात एक्स्टेंशन बोर्ड टाकतो, मग कोणाचा तरी चार्जर येतो, आणि संध्याकाळी नवरदेवाच्या मामांचा चष्माही त्यातच सापडतो. आजच्या सामानाला जेमतेम पुरेल अशी बॅग घ्या. लॅपटॉपचा कप्पा असलेली तर बघूच नका.

आता खरी परीक्षा

आपलं सगळं सामान दुकानात घेऊन जा. नको म्हणणाऱ्या दुकानदाराकडून बॅग घेऊ नका. ऑनलाइन मागवली असेल तर टॅग न काढता हीच परीक्षा घरी, परत करायची मुदत संपायच्या आत करा.

सामान भरा, बॅग तिरकी गळ्यात घाला, आणि मग कॅमेरा बाहेर काढा. इथेच बहुतेकांचं चुकतं. सगळे बॅग भरलेली असताना तपासतात, पण कामावर कॅमेरा दिवसभर हातात असतो. म्हणजे बॅग दिवसभर अर्धी रिकामी लटकत असते, आणि तोल पाहायचा तो त्या अवस्थेतला. पट्टा खांद्यावरून सरकतो, म्हणून बॅग तराजूसारखी वागते. मधोमध ठेवलेला कॅमेरा निघाला आणि ७०-२०० एका टोकाला असली की ते टोक खाली जातं, दुसरं वर येतं आणि फ्लॅश घरंगळत लेन्सच्या बाजूला येऊन बसतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बॅग सारखी तिरकी का होते, याचा दोष मी कितीतरी काळ पट्ट्याला देत होतो.

म्हणून जड लेन्स मधल्या कप्प्यात आणि कमरेच्या बाजूला टेकून. कॅमेऱ्याची जागा तिच्या शेजारी, आणि दुसऱ्या टोकाला त्याला तोलून धरेल इतपत काहीतरी. ज्या बॅगेत मधला कप्पा शिवूनच ठरवलेला आहे, पार्टिशन हलत नाही, ती तिथेच परत द्या. बॅग पुढे-मागे फार जाड असेल तर वजन अंगापासून लांब जातं, वरचं तोंड बाहेर कलतं आणि ‘आ’ वासून राहतं. लांबीला थोडी जास्त चालेल, जाडी कमी पाहिजे.

मग झाकण बघा. पोस्टमनच्या थैलीसारख्या बॅगांचं झाकण अंगाच्या बाजूला शिवलेलं असतं. उघडायचं तर ते आपल्याच पोटावर गोळा होतं, आणि एका हाताने ते धरून दुसऱ्या हाताने लेन्स काढावी लागते. कॅमेरा काय दातात धरायचा? झाकण पुढच्या बाजूला शिवलेलं आणि अंगापासून लांब उघडणारं हवं, म्हणजे कप्पे थेट आपल्या नजरेसमोर येतात. ते एका हाताने उघडायला आणि त्याच हाताने मिटायला आलं पाहिजे. मिटायला तर आलंच पाहिजे. मंगलाष्टकांच्या वेळी झाकण उघडं राहिलं तर बॅगेत अक्षता जमा होतात. घरी उपड्या केल्या तरी दोन-चार दाणे फोमच्या शिवणीत अडकतात, आणि पुढच्या कामात त्यातला एखादा लेन्सच्या मागच्या काचेवर सापडतो. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत तर भंडाऱ्याशी गाठ असते. पौषात तिथे हवा पिवळी होते, आणि ती हळद नुसत्या झाकणाला अजिबात जुमानत नाही. झाकणाखाली चेन हवीच. चेन मोठ्या दातांची आणि तिच्या रनरला दोरी बांधलेली हवी. बारीक दातांत भंडारा बसला की रनर अर्ध्यावर अडून बसतो.

झाकणाला वेल्क्रो नको. कीर्तनात त्याचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जातो. शिवाय गर्दीत त्याची काटेरी बाजू एखाद्या पैठणीच्या पदराला लागली, तर त्या घरचं पुढचं काम विसरा. बॅग बाकी सगळी आवडली आणि वेल्क्रो एवढाच दोष असला, तर काटेरी पट्टीवर मऊ पट्टीचा तुकडा कायमचा चिकटवून टाका आणि बकलवर भागवा.

आता वाका. लाजू नका, दुकानातच वाका. कासला सोनकीचा किंवा सीतेच्या आसवांचा फोटो काढायला गुडघ्यावर बसावं लागतं, आणि तसं बसलं की पाठीमागे सारलेली बॅग कुशीवरून घसरत पुढे येते. ती हातावर आदळते, कॅमेरा हलतो, आणि ती टेकते नेमकी फुलांवर. तिथली कितीतरी फुलं बोटभर उंचीची असतात, चार किलोच्या बॅगेखाली काहीच उरत नाही. २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलेलं पठार आहे ते, आणि तिथे आपण पाहुणे असतो. त्यामुळे बॅगेला कमरेभोवती बांधायचा एक बारीक जादा पट्टा हवा, किंवा निदान तो अडकवायला कड्या तरी हव्यात. नसतील तर दोन्ही बाजूंना कड्या शिवून घेता येतात, पण कापडात तेवढा दम पाहिजे.

बॅगेचा तळ कमरेच्या हाडाच्या जरा खाली आला की पट्ट्याची लांबी बरोबर. त्याहून खाली सोडली तर चालताना मांडीवर आपटत राहते. बकलच्या अगदी लगत पट्ट्यावर बॉलपेनने एक रेघ मारा (स्वतःची बॅग झाल्यावर, दुकानात बोटाने धरून बघा). भरलेली बॅग पाच-सहा वेळा गचकन वर उचला आणि सोडा. रेघ बकलपासून सरकली असेल तर हा पट्टा दिवसभर सरकत राहणार. गुळगुळीत नायलॉनला हा रोग असतो.

पट्टा दोन इंच रुंद हवा, त्याहून अरुंद पट्टा संध्याकाळपर्यंत खांद्यात रुततो. पॅड सरकवता आलं पाहिजे. एका जागी शिवलेलं पॅड तिरकी बॅग घातल्यावर छातीवर येतं आणि खांद्याखाली नुसती पट्टी राहते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टा बॅगेला कुठे शिवलाय ते उलटून बघा. तो तळाखालून गेला असेल तर वजन पट्टा घेतो. नुसता वरच्या काठाला टाचला असेल तर वजन कापड घेतं, आणि एक दिवस कापड फाटतं. शिवण चौकोनी आणि आत फुली मारलेली हवी. प्लॅस्टिकचे हूक मी घेत नाही, घेऊ पण देत नाही.

शेवटी सगळं सामान परत भरा, बॅग गळ्यात घाला आणि पंधरा मिनिटं दुकानात नुसतं उभं राहा. दुकानदार चहा मागवेल, प्या. पंधरा मिनिटांनी मान वाकडी करून उभं राहावंसं वाटलं तर बॅग खाली ठेवा आणि निघा.

बाकीचं पटकन

फोम अंगठ्याने दाबून बघा, समोरचं बोट लागलं तर नको. आतलं कापड करडं किंवा पिवळं हवं. काळ्या बॅगेत लेन्सचं काळं झाकण शोधत बसावं लागतं. रेग्झिन किंवा खोट्या चामड्याची बॅग आपल्या पावसात दोन-चार वर्षांत सोलून निघते. कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेली बॅग फुकट मिळाली तरी एसटी स्टँडवर नेऊ नका.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. कापड असेलही, पण प्रत्येक शिवण म्हणजे सुईच्या भोकांची रांग आहे आणि चेनमधूनही पाणी झिरपतं. कासच्या बारीक पावसात भिजायला तासभर पुरतो. रेनकव्हर वेगळं घ्या, आणि ते बॅग गळ्यात असताना चढवता येतंय का ते बघा. घरी आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करून रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा. फोम वरून कोरडा लागतो, पण आत ओल धरून असतो. पावसाळ्याचे चार महिने लेन्सा बॅगेत ठेवायच्याच नाहीत. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर राहिला की काचेवर बुरशीला आयतं रान मिळतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून त्यात लेन्सा ठेवा. जेलचे दाणे रंग बदलणारे घ्या, म्हणजे कधी वाळवायचे ते दिसतं.

गाडीवर बॅग तिरकी गळ्यात आणि पाठीवर, पट्टा आखडून, लोंबणारं टोक आत खोचून. स्कूटरच्या पुढच्या हुकाला लटकवायची नाही आणि पायाशीही ठेवायची नाही. सगळे खड्डे थेट लेन्सला जातात. एसटीत वरच्या रॅकवर ठेवू नका, मांडीवर घ्या.

वर्षातून एकदा पट्ट्याच्या मुळाशी असलेले टाके बघा. एक जरी उसवला असेल तर बॅगा शिवणाऱ्याकडून पूर्ण चौकोन नव्याने मारून घ्या, जाड नायलॉनच्या दोऱ्याने. हे काम तुळशीच्या लग्नाआधी उरका. नंतर आपल्यालाही बॅग सोडता येत नाही, आणि तोही ‘परवा या’ म्हणायला लागतो.