घरी गाडीला पॉलिश करताय? आधी या चुका टाळा

पॉलिश केल्यावर सावलीत गाडी आरशासारखी दिसते. दुसऱ्या दिवशी उन्हात काढली की बोनेटवर बारीक गोल रेषांचं जाळं उठून दिसतं, त्यातही काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर जास्तच. मग लोक पॉलिशच्या डबीला बोल लावतात. पण डबीचा दोष क्वचितच असतो. त्या रेषा बहुतेक वेळा पॉलिशच्या आधीच, पुसताना आणि धुताना पडलेल्या असतात.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. आजच्या गाडीवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरचा विसावा भाग. चमक त्याचीच, आणि उन्हापासून रंगाचं रक्षणही तोच करतो. रबिंग कंपाउंड आणि पॉलिश हा थर थोडाथोडा खरवडतात. कंपाउंड जाड खरवडतं, पॉलिश बारीक. वॅक्स किंवा सीलंट काहीच खरवडत नाही, वर नुसता संरक्षक थर देतं. दुकानात मात्र तिन्हींना सरसकट ‘पॉलिश’ म्हणतात, म्हणून डबीवरचं वाचूनच घ्या. दर दिवाळीला कंपाउंड घासणाऱ्याची गाडी काही वर्षांत पांढुरकी पडते. वॅक्स मात्र हवं तितक्या वेळा लावा.

सगळ्यात मोठी चूक: कोरड्या धुळीवर फडकं

पांदण रस्त्याने वावरातून आलेल्या गाडीवर फुफाट्याचा थर असतो. आपल्या विदर्भात घुग्घुस-चंद्रपूरकडे त्यात कोळशाची भुकटी, कोराडी-खापरखेड्याकडे वीज केंद्राची राख, गडचांदूरच्या बाजूला सिमेंटची धूळ. या धुळीत वाळूचे टोकदार कण असतात. सकाळी उठून झटकणी किंवा जुन्या बनियनने गाडी पुसणं म्हणजे हेच कण क्लिअर कोटवर घासणं. सिमेंटची धूळ दवाने ओली झाली की चिकटून कडक होते, ती तर पुसून निघतच नाही.

आधी भरपूर पाणी मारा. प्रेशर वॉशर नसला तरी अडत नाही. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप उत्तम काम देतो, पण तो कोरा हवा. तणनाशक किंवा कीटकनाशक भरलेला पंप कितीही धुतला तरी गाडीसाठी वापरू नका. त्यात जिवालाही धोका आहे. मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. वरून खाली धुवा. खालच्या दारांना आणि चाकांच्या कमानींना काळ्या मातीचा गारा चिकटलेला असतो, तो शेवटी आणि वेगळ्या फडक्याने काढा. फडकं खाली पडलं तर त्या दिवशी पुन्हा गाडीला लावू नका.

कपड्याची पावडर, भांड्याचा साबण आणि काथ्या टाळाच. साबणाने आधीचं वॅक्स निघून जातं, काथ्याने तर सरळ ओरखडे पडतात. डिझेल किंवा रॉकेलचं पोतेरं फिरवल्यावर गाडी तेवढ्यापुरती चमकते खरी, पण त्या तेलकट थरावर संध्याकाळपर्यंत दुप्पट धूळ बसते.

पाणी आणि ऊन

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणि इतरत्रही बोअरचं पाणी क्षाराचं असतं. ते रंगावर सुकलं की पांढरे डाग बसतात. पाणी वाळण्याआधी मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने टिपून घ्या. शेवटची बादली साठवलेल्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याची असेल तर फार फरक पडतो. आरओ मशीनमधून बाहेर टाकलेलं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. डाग बसलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन, सावलीत, थंड पत्र्यावर मिनिटभर ठेवा आणि धुवून काढा. त्या जागचं वॅक्सही जातं, तेव्हा ते पुन्हा लावा. एवढं करूनही डाग राहिला तर तो क्लिअर कोटमध्ये उतरला आहे, तिथे हलकी पॉलिशच लागेल.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उन्हातल्या पत्र्यावर हात टेकवत नाही. अशा पत्र्यावर शाम्पू, पॉलिश, वॅक्स सगळंच लावता लावता वाळतं. मोठं काम हिवाळ्यात काढा. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे, तेही इंजिन थंड असताना. उन्हाळ्यात नुसत्या वॅक्सपेक्षा सीलंट जास्त टिकतं.

ग्राइंडर नको रे भाऊ

वेल्डिंगच्या दुकानातून चार इंची ग्राइंडर आणून त्याला पॅड लावणारे बरेच आहेत. तो मिनिटाला सुमारे ११,००० फेरे मारतो. पॉलिशिंग मशीन त्याच्या पाव वेगानेही चालवत नाहीत. बोनेटच्या कडेवर आणि दाराच्या उभारावर थर पातळ असतो, तिथे क्षणभर थांबलं तरी तो जळतो आणि खालचा प्रायमर दिसतो. मग रंगारीच गाठावा लागतो. त्यापेक्षा फोमचा पॅड घेऊन हाताने करा. वाटाण्याएवढं पॉलिश, दीड-दोन फुटांचा चौकोन, उभे-आडवे हलके हात. आधी एका कोपऱ्यात करून बघा.

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही, मग घासत बसू नका. काही जण ओरखड्यावर टूथपेस्ट लावतात, पण तीही खरवडणारीच, आणि तिचे कण किती जाड ते आपल्याला माहीत नसतं. घासताना फडक्यावर गाडीचा रंग उतरू लागला तर लगेच थांबा. क्लिअर कोट असलेल्या गाडीत याचा अर्थ तो संपला आहे. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या रंगात थोडा रंग येतोच, तरीही बेतानेच घासा.

पक्षी, झाडं आणि पूजा

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. तापलेल्या रंगावर ती काही तासांतही डाग पाडते. ती कोरडी खरवडू नका, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून उचला. वरूड-मोर्शी-काटोलकडे संत्र्याखाली गाडी लावाल तर कोळशीच्या किडीचा (काळ्या माशीचा) चिकट द्रव छतावर पडतो. तोही त्याच दिवशी धुवा. दसऱ्याच्या पूजेचं ओलं कुंकू आणि बोनेटवर सुकलेला झेंडू डाग ठेवतात, म्हणून स्वस्तिक काचेवर काढा आणि हार दुसऱ्या दिवशी उतरवा. धुळकट गाडीवर कव्हर टाकू नका, वाऱ्याने कव्हर हलतं आणि आतली धूळ रंगावर घासली जाते.

वॅक्स बिघडलं तर

वॅक्स वाळून पांढरं चिकटून बसलं असेल तर जोर लावू नका. त्यावरच थोडं ताजं वॅक्स फिरवा, जुनं मऊ होतं, मग लगेच पुसा. फटींमध्ये अडकलेलं मऊ टूथब्रशने निघतं. बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर वॅक्स लागलं की पांढरट डाग राहतो, तो काढायला वॅक्सपेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून आधीच कागदी मास्किंग टेप लावा. नुकताच रंगवलेला भाग मात्र वॅक्स-सीलंटपासून लांब ठेवा. ताज्या रंगातलं द्रावण उडून जायला वेळ लागतो, एक ते तीन महिने. नेमके किती, ते ज्याने रंगवलं त्यालाच विचारा, कारण भट्टीत सुकवलेला रंग आणि अंगणात सुकलेला रंग यांत फरक असतो.