विकीवरील शेकडो पानांची स्थिती एपीआयमधून एकगठ्ठा कशी बदलावी

मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्या विकीत ‘पानाची स्थिती’ नावाचा एकच रकाना नसतो. पान सुरक्षित आहे का आणि ते कोण संपादू शकते, याची नोंद डेटाबेसात मजकुराबाहेर असते. ‘मसुदा’, ‘तपासणी बाकी’, ‘कालबाह्य’ या स्थिती मात्र मजकुरातच राहतात, बहुधा पानाच्या माथ्यावरच्या साच्यात (अनेक पानांत वापरायच्या तयार मजकुरात) आणि त्या साच्याने लावलेल्या वर्गात. सुरक्षा बदलताना मजकुराला हात लागत नाही. साच्यातली स्थिती बदलायची तर प्रत्येक पानाचे एक संपादन करावे लागते. दोन्हींची कृती वेगळी आणि चुका निस्तरण्याची रीतही वेगळी, म्हणून आपले काम कोणत्या जातीचे आहे हे आधी ठरवा.

साच्याचे काम असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: एवढी संपादने खरेच हवीत का? ‘तपासणी बाकी’ या वर्गाचे नुसते नाव बदलायचे असेल आणि वर्ग साच्यातूनच येत असेल, तर साचा एकदा बदलला की झाले. बाकीची पाने विकीची कामांची रांग हळूहळू उरकते. स्क्रिप्ट तेव्हाच लिहावी, जेव्हा काही पाने एका स्थितीत जाणार आणि काही दुसऱ्या.

स्क्रिप्ट विकीशी एपीआयमधून बोलते, म्हणजे ठरावीक पॅरामीटर असलेल्या विनंत्या पाठवून. पुढे या पॅरामीटरची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष विनंतीत ती रोमन लिपीत, सगळी छोट्या अक्षरांत आणि जोडून लिहायची. कुठे अडले तर ‘एपीआय सँडबॉक्स’ हे विशेष पान उघडा. तिथे प्रत्येक कृतीचे पॅरामीटर दिसतात आणि विनंती तिथल्या तिथे पाठवून पाहता येते. मात्र लिहिणारी विनंती तिथूनही खरोखरच लागू होते, हे विसरू नका.

खाते, लॉगिन, टोकन

स्क्रिप्टमध्ये मुख्य पासवर्ड घालू नका. ‘बॉट पासवर्ड’ या विशेष पानावरून वेगळा पासवर्ड काढा. त्याचे लॉगिन-नाव म्हणजे सदस्यनाव, मग ॲट चिन्ह, मग तुम्ही दिलेली खूण. पासवर्ड बनवताना लागतील तेवढ्याच अधिकारांवर टिचकी मारा. प्रचालकाच्या खात्यालाही ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले, तर बहुतेक वेळा इथली सुरक्षेची टिचकी राहून गेलेली असते, कारण बॉट पासवर्डला खात्याचे सगळे अधिकार आपोआप मिळत नाहीत.

लॉगिनसाठी आधी ‘मेटा=टोकन्स’, ‘टाइप=लॉगिन’ने टोकन (विनंती तुमच्याच सत्रातून आल्याचे पटवणारा संकेत) मागवा आणि ते टोकन, नाव व पासवर्ड ‘ॲक्शन=लॉगिन’ला पोस्ट पद्धतीने पाठवा. मग ‘टाइप=सीएसआरएफ’चे टोकन घ्या. पुढच्या प्रत्येक लिखाणाला तेच लागते आणि सत्र टिकेपर्यंत ते पुन्हा वापरता येते.

टोकनच्या दोन अडचणी वारंवार येतात. टोकन म्हणून फक्त अधिक चिन्ह आणि उलटी तिरकी रेघ एवढेच आले, तर ते अनामिक वापरकर्त्याचे टोकन आहे. म्हणजे कुकी पुढच्या विनंतीबरोबर गेल्या नाहीत आणि विकीच्या लेखी तुम्ही लॉगिन केलेलेच नाही. दुसरी अडचण अशी की खऱ्या टोकनच्याही शेवटी हीच दोन चिन्हे असतात. विनंती हाताने जोडून पाठवली आणि अधिक चिन्ह सांकेतिक रूपात बदलले नाही, तर सर्व्हर ते मोकळी जागा म्हणून वाचतो आणि ‘बॅडटोकन’ असे उत्तर देतो. विनंतीचे पॅरामीटर लायब्ररीला स्वतंत्र द्या, मग ही भानगड तीच सांभाळते.

प्रत्येक विनंतीत ‘असर्ट=यूजर’ घाला. मध्येच सत्र संपले, तर स्क्रिप्ट अनामिक म्हणून संपादने करत सुटण्याऐवजी त्रुटी येऊन थांबते.

आधी पूर्ण यादी, मग लिखाण

वर्गातली पाने ‘लिस्ट=कॅटेगरीमेंबर्स’ने मिळतात. साध्या खात्याला एका वेळी 500, वाढीव मर्यादेच्या खात्याला (उदा. सांगकाम्याच्या, म्हणजे बॉटच्या) 5000. त्याहून जास्त असतील तर उत्तरात ‘कंटिन्यू’ येते. त्यातले सगळे घटक जसेच्या तसे पुढच्या विनंतीला जोडायचे. शीर्षके देऊन माहिती मागवायची असेल, तर मर्यादा एका विनंतीत 50 पानांची, वाढीव खात्याला 500.

यादी घेता घेताच पाने बदलू नका. वर्गाची यादी ती जिथे थांबली त्या नोंदीपासून पुढे सरकते, म्हणून तिथे एक वेळ निभते. शोधाची यादी मात्र आकड्याने पुढे सरकते. पहिली 50 पाने बदलल्यामुळे ती शोधातून गळाली, की पुढची 50 वर सरकतात आणि तुमच्या हातून न पाहताच निसटतात. पूर्ण यादी फाइलमध्ये उतरवा आणि मगच लिहायला घ्या.

‘जनरेटर’ (एका यादीतली पाने थेट माहितीच्या विनंतीला पुरवणारी सोय) वापरून यादी आणि माहिती एकदम मागवत असाल, तर ‘बॅचकम्प्लीट’वर नजर ठेवा. उत्तरात ते नसेल, तर याच पानांची काही माहिती अजून यायची आहे. तिकडे दुर्लक्ष केले की काही पानांना वर्गच नाहीत असे दिसते आणि स्क्रिप्ट त्यांना चुकीच्या गटात ढकलते. ही चूक कुठलीही त्रुटी दाखवत नाही, म्हणूनच ती महागात पडते.

यादीत शीर्षकाबरोबर पान-क्रमांकही ठेवा. हाताने टंकलेल्या देवनागरी शीर्षकांवर तर मुळीच विसंबू नका. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, एक नुक्त्याच्या ‘ऱ’ने आणि दुसरा अदृश्य जोडचिन्ह घालून. ‘ॲ’चेही तसेच. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, विकीला मात्र ती दोन वेगळी पाने वाटतात.

सुरक्षेची स्थिती बदलताना

‘प्रॉप=इन्फो’, ‘इनप्रॉप=प्रोटेक्शन’ मागवून आजची स्थिती जतन करा: प्रकार, पातळी, मुदत. एखाद्या नोंदीत ‘सोर्स’ दिसले, तर ती सुरक्षा दुसऱ्या पानाच्या साखळी-सुरक्षेतून (त्या पानात वापरलेल्या पानांनाही आपोआप लागणाऱ्या सुरक्षेतून) आलेली आहे. ती या पानावरून निघत नाही, मूळ पानावरच काढावी लागते.

बदलासाठी ‘ॲक्शन=प्रोटेक्ट’. ते एका वेळी एकच पान घेते, त्यामुळे 300 पानांसाठी 300 विनंत्या होतात. ‘प्रोटेक्शन्स’मध्ये ‘एडिट=सिसॉप’ (संपादन फक्त प्रचालकांना), ‘मूव्ह=सिसॉप’ (स्थानांतर, म्हणजे पानाचे नाव बदलणे, फक्त प्रचालकांना) अशा जोड्या उभ्या रेघेने वेगळ्या करून देतात. सगळ्यात जास्त फसगत इथे होते: जी क्रिया तुम्ही लिहीत नाही, तिची सुरक्षा निघून जाते. फक्त संपादनाची पातळी बदलायची म्हणून फक्त ‘एडिट’ पाठवले, तर स्थानांतराची जुनी सुरक्षा गेली. म्हणून जतन केलेल्या नोंदीतून सगळ्या क्रिया घ्या, हवी तेवढी एक बदला आणि पूर्ण संच पाठवा.

मुदतीचेही असेच. ‘एक्स्पायरी’ दिली नाही तर सुरक्षा कायमची लागते. एकच मुदत दिली तर ती सगळ्या क्रियांना लागू होते. त्याहून जास्त द्यायच्या असतील, तर जेवढ्या क्रिया तेवढ्या मुदती, त्याच क्रमाने. सुरक्षा काढण्यासाठी पातळी म्हणून ‘ऑल’ लिहा. अस्तित्वात नसलेल्या पानाला फक्त ‘क्रिएट’ लागू होते आणि असलेल्या पानाला ते चालत नाही. यादीत लाल दुवे, म्हणजे अस्तित्वात नसलेली पाने, मिसळले असतील, तर त्यांची वाट आधीच वेगळी करा. प्रत्येक बदलाची नोंद पानाच्या इतिहासातही उमटते, तेव्हा ‘रीझन’ रिकामे सोडू नका.

साच्यातली स्थिती बदलताना

‘शोधा आणि बदला’ इथे पुरत नाही. एकाच साच्याला पुनर्निर्देशनामुळे (एका नावावरून दुसऱ्या पानाकडे वळवल्यामुळे) दोन-तीन नावे असतात, मधे ओळ तुटलेली असते, पॅरामीटरच्या आसपास मोकळ्या जागा असतात, आणि कुणी तरी तोच साचा टिप्पणीत उदाहरण म्हणून लिहून ठेवलेला असतो. पायथॉनमधली ‘एमडब्ल्यू-पार्सर-फ्रॉम-हेल’ ही लायब्ररी मजकुराचे साचे सुटे करून देते. तिच्यातून साचा शोधून नेमका पॅरामीटर बदला. साचा सापडला नाही किंवा दोनदा सापडला, तर पान वगळून वेगळ्या यादीत टाका. ती उरलेली पाने माणसाने पाहावीत. त्यांच्यासाठी स्क्रिप्ट आणखी हुशार करत बसण्यात वेळ जातो.

लिहिताना ‘ॲक्शन=एडिट’बरोबर हे द्या: ‘नोक्रिएट’, म्हणजे मधल्या काळात हटवलेले पान पुन्हा जन्माला येणार नाही; ‘बेसटाइमस्टॅम्प’, म्हणजे तुम्ही वाचलेल्या आवृत्तीची वेळ, जिच्यामुळे दरम्यान कुणी संपादन केले असेल तर विकी ते ओळखतो; ‘बॉट’, म्हणजे सांगकाम्याचा अधिकार असलेल्या खात्याची संपादने अलीकडील बदलांत गर्दी करत नाहीत; आणि ‘वॉचलिस्ट=नोचेंज’, नाहीतर खात्याच्या पसंतीप्रमाणे शेकडो पाने तुमच्या निरीक्षणसूचीत येऊन पडतात.

संपादन-संघर्षाच्या या तपासणीला एक भोक आहे. पूर्ण पान संपादताना मधले संपादन त्याच खात्याचे असेल, तर विकी संघर्ष मानत नाही. एकाच खात्यावर स्क्रिप्टच्या दोन प्रती चालू ठेवल्या, तर एक दुसरीचे काम गुपचूप पुसते. वेग वाढवण्याचा हा मार्ग सोडून द्या.

वेग आणि उत्तरे

एक विनंती पाठवा, उत्तर येऊ द्या, मगच दुसरी. ‘मॅक्सलॅग=5’ घातले, तर डेटाबेसाच्या प्रती मागे पडल्या असताना विकी काम नाकारतो आणि किती थांबायचे ते ‘रिट्राय-आफ्टर’ या हेडरमध्ये सांगतो. ‘रेटलिमिटेड’ आले तर थांबण्याची वेळ दर खेपेस दुप्पट करा. ‘बॅडटोकन’ आले तर नवे टोकन घेऊन एकदाच पुन्हा प्रयत्न करा. परवानगीच्या त्रुटीवर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

एचटीटीपीचा 200 हा संकेत म्हणजे यश नव्हे. एपीआयच्या त्रुटीही सहसा 200 बरोबरच येतात, म्हणून आतला ‘एरर’ आणि ‘रिझल्ट’ वाचल्याशिवाय काम झाले असे मानू नका. ‘नोचेंज’ दिसले तर मजकूर आधीचाच होता आणि नवी आवृत्ती बनली नाही. स्क्रिप्ट मध्येच तुटून पुन्हा सुरू केली, तर झालेल्या पानांवर हेच दिसायला हवे.

पहिली फेरी 5 पानांची करा आणि त्यांत मुद्दाम वाकडी पाने घ्या: एक पुनर्निर्देशन, एक सुरक्षित पान, एक दोन साचे असलेले. प्रत्येक पानाचा फरक डोळ्यांनी पाहा. मग 50, मग बाकीची. पायविकिबॉट (विकीवरच्या स्क्रिप्टांसाठीची पायथॉन लायब्ररी) वापरत असाल, तर ‘सिम्युलेट’ हा पर्याय काहीही न लिहिता फेरी चालवून दाखवतो.

प्रत्येक लिखाणामागे एक ओळ नोंदवा: पान-क्रमांक, जुना आवृत्ती-क्रमांक, ‘न्यूरेव्हआयडी’मधून आलेला नवा, वेळ. संपादन मागे घ्यायचे तर ‘अनडू’ला नवा क्रमांक द्यावा लागतो. सुरक्षेला ‘अनडू’ नाही, तिथे जतन केलेला जुना संच पुन्हा पाठवावा लागतो. त्यातली एखादी मुदत तोवर उलटून गेली असेल, तर विकी ती नाकारतो. ती जोडी वगळा.

शेवटी मोजणी. संपादित पानांचे वर्ग बहुधा लगेच बदलतात. साचा बदलला असेल तर कामांची रांग संपेपर्यंत वर्गात जुनाच आकडा दिसतो. काही पाने तरीही अडून बसली, तर त्यांना ‘ॲक्शन=पर्ज’ आणि ‘फोर्सलिंकअपडेट’ पाठवा, म्हणजे पानाची साठवलेली प्रत टाकून वर्गांची नोंद नव्याने होते, आणि वर्गात उरलेली पाने वगळलेल्यांच्या यादीशी ताडून पाहा.